उसनं नाव

"मेल्या, आत्ताच खयसून इलंस!"

कादंबरी पुटपुटली ती स्वतःशीच. हातात दोरी, दोरीला कोंबडीची तंगडी, पायाशी बादली... आणि मागे हिरवं जाकीट घातलेला एक उंच तरुण. मासेमारीचा परवाना, आंगेलशाइन, आहे का, असं तो जर्मनमध्ये विचारत होता. आणि एकदम हसत सुटला.

"आल्झो, म्हणजे... मराठी! मेल्या म्हणालात ना मला?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. मालवणची पोर, जर्मनीत डार्मश्टाटला शिकायला आलेली. ऱ्हाइनच्या या जुन्या, संथ फाट्यावर ती सायकलवरून यायची, पाण्यात पाय सोडून उभी असलेली वाळुंजाची झाडं बघत बसायची. एकदा काठच्या चिखलात लाल नांग्यांचे झिंगे दिसले आणि आईच्या हातचं कालवण आठवलं. मग कसला परवाना नि कसलं काय!

"हे इथले नाहीतच खरं तर," तो बादलीत डोकावला. "अमेरिकेतल्या दलदलीतून आलेत. तरी पकडायला परवाना लागतो."

"मग त्यांनी तरी आन्मेल्डुंग, पत्त्याची नोंदणी, केलीय का, इथे राहायला येताना?"

तो पुन्हा हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. "नाव काय तुमचं?"

व्हिसा वाढवायचा अर्ज नुकताच गेला होता. दंड, पोलीस, घरी फोन... सगळं तिच्या डोळ्यांपुढे नाचलं.

"क्षि... क्षितिजा."

क्षितिजा म्हणजे तिची रूममेट. बिचारी अंडंसुद्धा न खाणारी!

"मी वेदांग, नाशिकचा. इथे पीएचडी करतो. शनिवारी या राखीव जंगलात पक्षी मोजायला येतो, तेवढंच. दंड करायचा अधिकार मला नाही हो."

म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. पण बाण सुटला होता.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. रिकाम्या हाताने. मग जातच राहिली. वेदांगच्या होडीत बसायचं, शेवाळातून हळूच वल्हं मारायचं, बगळा उडाला की दोघांनी श्वास रोखायचा. रिमझिम आली तर एकाच जाकिटाखाली डोकी घालायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"क्षितिजा, श्श... तिकडे बघ."

"ओ," ती म्हणायची, आणि आतून करपायची. त्याच्या तोंडून ते नाव इतकं गोड यायचं, की तिला रूममेटचा हेवा वाटायचा. वर स्वतःची लाज.

एकदा तिने धीर केला. "वेदांग, एक सांगायचंय—"

"सांग ना." तो वल्हं ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"...डास फार आहेत."

"एवढंच? मला वाटलं, काहीतरी वेगळं सांगशील."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

आणि मग तो शनिवार. होडी मधोमध असताना त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. वेदांगने फोन तिच्याकडे वळवला. कान लाल झाले होते त्याचे. "आई, ही क्षितिजा. मी म्हणालो होतो ना..."

"अगंबाई! नावासारखीच गोड आहेस गं!"

त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून कादंबरीला भडभडून आलं. या बाईंशी खोटं बोलायचं? नाही जमणार.

"काकू, ते... ते माझं नाव नाही. मी कादंबरी."

वेदांगने पडद्याकडे पाहिलं. "आई, मी नंतर फोन करतो."

होडी थांबली. तिने सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून. "पहिल्या दिवशी दंडाच्या भीतीने बोलले. नंतर तू तोंड फिरवशील या भीतीने गप्प राहिले. मला माझीच लाज वाटते, वेदांग."

"मग इतके शनिवार मी हाका कोणाला मारत होतो?"

"मलाच. नाव खोटं होतं... ओ माझीच होती."

त्याने वल्हं उचललं. होडी काठाला लावली. ती उतरली, सायकल घेतली, आणि वर न बघता निघाली. मागे वळून त्याचा चेहरा बघायची हिंमतच नव्हती.

"कादंबरी!"

ती थबकली.

"कादंबरी..." या वेळी हळू, चाचपडत. "पुढच्या शनिवारी... येशील ना?"

परक्या नावाला चटकन ओ देणाऱ्या त्या पोरीला आज स्वतःच्या नावाला ओ देता येईना. ती नुसतीच मागे वळली.