चंदेरी रंगाखालची भोकं

चाकामागची ब्रेकची चकती निघाली नाही, तर दुर्गेश्वरीचा फायदा एकच होता: ओमेशला पुढच्या सीटवर बसता येणार नव्हतं. तोटा मात्र सगळ्यांचाच, कारण दिवाळीनंतरची मामाच्या गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्राच, बुडणार होती. तरी सकाळपासून तिचं मन फायद्याकडेच झुकत होतं.

केशोरावकाकांची जुनी पिकअप कामठा गावातल्या घराच्या अंगणात जॅकवर उभी होती. पुढच्या ब्रेकची चकती झिजलेली. नवी आणून ठेवलेली. पण जुनी अशी गंजून बसली होती, की बिसराम मिस्त्रीनं हातोड्याचा दांडा मोडला तरी ती ढिम्म! काकांचा मुलगा ओमेश मिस्त्रीला पाने देत होता आणि शाबासक्या घेत होता. दर दसऱ्याला पूजेआधी चाकं काढून आतल्या चकत्यांसकट चंदेरी रंग फासणाराही तोच. तेव्हाही कौतुक त्याचंच. दुर्गेश्वरीनं ओवलेल्या झेंडूच्या माळा कोणाच्या लक्षातही नसत.

शेवटी काका कंटाळले. चाक चढवा, ब्रेक जरा कमी लागतो एवढंच, हळूहळू जाऊ, म्हणाले. मागच्या हौद्यात पोरं बसणार होती. तिचा धाकटा भाऊ तिलकसुद्धा.

आता तिचा हिशेब बिघडला. ती चकतीपाशी उकिडवी बसली. हातोड्यानं रंगाच्या खपल्या उडाल्या होत्या, पण दोन जागी रंग गोल दबलेला दिसत होता. तिनं सेफ्टी पिन टोचली. पिन आत गेली!

"दुर्गे, कायले मधात येऊन राहिली?" ओमेश खेकसला.

"तुया रंग पाहून राहिली. भोकं बी नाही सोडले तुनं."

रंग खरवडला तर आत आटे. आटे आहेत म्हणजे बोल्ट जाणार, आणि मागं लोखंड आहे म्हणजे तो चकतीलाच बाहेर ढकलणार, असं तिनं काकांना सांगितलं. बिसरामनं कपाळावर हात मारला. युक्ती त्याला ठाऊक होती. या चकतीला भोकंच नाहीत, असं तो धरून चालला होता. तेल सोडून त्यानं दोन्ही भोकांत बोल्ट लावले आणि आळीपाळीनं आवळले. करकर झाली, आणि टण्ण! चकती सुटली.

"पोरीनं आज सगळ्याईले वाचवलं," काका म्हणाले. "बोल, काय पायजे?"

"पुढची सीट."

खर्च असा पडला: मिस्त्रीचा दांडा गेला, तोराही गेला, ओमेशची सीट गेली. आणि दुर्गेश्वरीची मान गेली. मागच्या हौद्यात ओमेश काय सांगत होता कोण जाणे, पण तिलकसकट सगळी पोरं पोट धरून हसत होती, आणि ती मंडई येईपर्यंत मागच्या काचेतून वळून वळून पाहत होती.