लंबूच्या पावलांचं माप

सिग्नलवरचा हिरवा माणूस पेटला तशी चिंगी म्हणाली, "आत्या, चल!"

आत्यानं काठी खाली टेकवली आणि एक पाय फूटपाथवरून उतरवला. तो फूटपाथ असा उंच, की त्यावर चढलेली मांजरं उतरायला घाबरत. मग दुसरा पाय. दोघी रस्त्याच्या मध्यावर पोचतात न पोचतात तोच हिरवा माणूस गायब! त्या चौकातला हिरवा म्हणजे शिंक होती नुसती. आली म्हणेपर्यंत गेली. बसगाड्या सुसाट सुटल्या आणि दोघी दुभाजकावर अडकल्या.

तिथं आधीच एक जण सिग्नलच्या पेटीत डोकं खुपसून उभा होता. इतका उंच, की कबुतरं त्याला खांब समजून खांद्यावर येऊन बसत. खोटं वाटत असेल त्यानं त्याच्या शर्टाचे खांदे बघावेत.

"अहो, हा सिग्नल तुमचा का?" चिंगीनं विचारलं.

"पालिकेचा. मी फक्त दुरुस्त करतो."

"मग करा की दुरुस्त! आमच्या आत्याला कधी पलीकडे जाता येत नाही एका दमात."

"बिघडलेला नाहीये हो," तो ओशाळून म्हणाला, "तो... तसाच आहे."

"तसाच म्हणजे? कुणी ठरवलं तसं?"

तो काहीतरी सांगणार होता, पण तेवढ्यात पुन्हा हिरवा पेटला आणि तिला आत्याला घेऊन पळावं लागलं. पलीकडे पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. तोही बघत होता. दोघांनीही लगेच दुसरीकडे बघितलं.

आत्याचं शिवणकामाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. चिंगीला तिनं त्या मशीनच्या आवाजातच लहानाची मोठी केली. आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून चिंगी सकाळी तिला पोचवून लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला जायची आणि संध्याकाळी आणायला यायची. आत्याला ते मुळीच खपत नव्हतं.

"मी काय पार्सल आहे, पोचवायला आणि सोडवून आणायला?" ती म्हणायची. "एकटीला जाता आलं तर दुकान. नाहीतर या महिनाअखेरीस किल्ली मालकाच्या हातात देते नि घरी बसते."

आत्या बोलली की बोलली. मशीनशिवायची आत्या कशी दिसेल, याचा विचारसुद्धा चिंगीला करवत नव्हता. ती जेवणाच्या सुट्टीत पालिकेत खेटे घालू लागली. हिरवा जास्त वेळ ठेवा आणि फूटपाथच्या कडेला उतार करा, एवढंच तिचं मागणं.

"फाईल पुढे गेली आहे," टेबलामागचे साहेब म्हणत.

"किती पुढे? तुमची फाईल आमच्या आत्यापेक्षा हळू चालते. तिला एखादी काठी तरी द्या!"

बाहेर जिन्यात तो उंच माणूस हसू दाबत उभा असायचा. ऑफिसात सगळे त्याला लंबू म्हणत, मग तीही म्हणू लागली.

"एक सांगू?" एका संध्याकाळी दुभाजकावर तो म्हणाला. "रागावणार नसाल तर."

"रागावले तर सुई टोचीन. रोजचंच काम आहे माझं."

तो जरा मागं सरकला. सुईला तो फार भ्यायचा. "सिग्नल बसवला तेव्हा कुणीतरी रस्ता ओलांडून वेळ मोजायची होती. नियम असा, की ऑफिसातल्या माणसानं आपल्या नेहमीच्या चालीनं चालायचं. मी नवा होतो. साहेब म्हणाले, लंबू, तू चाल."

चिंगीनं त्याच्या पायांकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत बघायला तिला चांगला वेळ लागला.

"म्हणजे... हे अख्खं गाव तुमच्या तंगड्यांवर चालतंय?"

"हो... आणि पुन्हा मोजणी करा म्हणून मी दोनदा सांगितलं, पण तक्रार नाही म्हणाले. आता तुम्ही आलात ना."

ती रागावणार होती. पण तो इतका पडेल चेहरा करून उभा होता, की तिला हसूच आलं. "तक्रारच हवी होती होय? मग मी आहे की!"

त्या दिवसापासून आत्याला घरी सोडल्यावर दोघं फाईलबद्दल बोलायला म्हणून चालायला निघू लागली. पहिल्या संध्याकाळी लंबू बोलत बोलत पुढच्या चौकापर्यंत गेला आणि तिथं त्याला कळलं, की आपण एकटेच बोलतोय. चिंगी पार मागं, कंबरेवर हात ठेवून उभी.

"माझ्याशी बोलताय की वाऱ्याशी?"

"तुम्हीच जरा भरभर..."

"नाही जमणार. तुमचा सिग्नल नाहीये मी."

तो परत आला. दुसऱ्या दिवशी थोडा हळू चालला. मग आणखी हळू. फूटपाथवर लावलेल्या दुचाक्यांमुळे रस्त्यावर उतरावं लागलं, की न बोलता गाड्यांच्या बाजूला जाऊन चालायचा. हळूहळू त्याचं पाऊल तिच्या पावलाशी असं जुळलं, की एकटा असला तरी तसाच चालायचा. ऑफिसातल्यांना वाटलं, याला बूट चावतोय. फाईलबद्दलचं बोलणं तर कधीच संपलं होतं. ते कुणीच कबूल करत नव्हतं.

चिंगी साहेबांच्या टेबलापुढून हलेना, तेव्हा महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी सकाळी साहेब पुन्हा मोजणी करायला चौकात आले. हातात स्टॉपवॉच. आत्याही आली, दुकानाची किल्ली पदराला बांधून.

"लंबूच चालणार," साहेबांनी जाहीर केलं. "पहिलं माप त्याचं, दुसरंही त्याचंच. नेहमीची चाल. नाटक चालणार नाही."

चिंगीचं तोंड उतरलं. पुन्हा त्याच तंगड्या! सगळं मुसळ केरात. तिनं लंबूकडे पाहिलं. तो फूटपाथच्या कडेशी जाऊन उभा राहिला.

हिरवा पेटला. लंबू उतरला. त्याच्या शेजारी, कुणालाही न विचारता, कुणाचा हात न धरता, आत्याही उतरली. लंबूनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चालू लागला... सावकाश, अगदी सावकाश.

"अरे, उचल पाय!" साहेब ओरडले.

लाल दिवा लागला. गाड्यांनी एकच कल्लोळ केला. मधे पोचलेल्या लंबूनं एक हात लांब केला आणि एक अख्खी बस त्या हातापुढे गपगार उभी राहिली. त्याचे हात होतेच तेवढे लांब! आत्याची काठी टक टक वाजत राहिली. दोघं पलीकडे टेकली, तेव्हाच साहेबांनी बटण दाबलं आणि तरातरा चालत तिथं पोचले. मागोमाग चिंगी.

"हे माप मी धरणार नाही! तू मुद्दाम हळू चाललास."

"नाही साहेब. माझी नेहमीची चाल आहे. ऑफिसात कुणालाही विचारा."

"कधीपासून?"

लंबूनं घसा खाकरला. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "हिच्याबरोबर... चालायला लागलो तेव्हापासून."

साहेबांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं, मग चिंगीकडे. "आणि उद्या पुन्हा भरभर चालायला लागलास तर? सिग्नल काय रोज बदलायचा?"

"ते... तिच्यावर आहे."

बसवाल्यानंसुद्धा हॉर्न वाजवायचं थांबवलं. चिंगीनं चपलेच्या टोकानं उगाचच एक खडा ढकलला.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "कायमची चाल आहे."

"ऐकलंत ना?" आत्या म्हणाली. "लिहा आता, माझं दुकान उघडायचंय."

साहेबांनी लिहिलं.

हिरवा माणूस आता तिथं ऐसपैस चालतो. आठवडाभरात फूटपाथच्या कडेला उतारही झाला, त्यावरून बाबागाड्या घरंगळत जातात आणि मांजरंसुद्धा ऐटीत उतरतात. दुभाजकावर थांबायची कुणालाच गरज उरली नाही.

तरी संध्याकाळी दोन माणसं तिथं थांबतातच. एक उंच, एक बुटकी, एकाचा हात दुसरीच्या हातात. आत्या मशीन बंद करून, दुकानाला कुलूप लावून, एकटीच काठी टेकत रस्ता ओलांडते, त्यांच्याजवळून पुढे जाते आणि घराच्या बाजूच्या फूटपाथवर पोचून काठी उगारते.

"अगं चिंगे! तिथं मधेच काय उभे राहिलात? हिरवा आहे ना अजून!"