चुकीच्या व्यक्तीची नाडी

तिने पर्स अजून खाली ठेवली नव्हती, तोवर त्याने तिच्या दंडाला पट्टा बांधलासुद्धा.

"हात सैल सोडा. बोलू नका. बोललं की आकडा चढतो."

ती बोलली नाही. बोलायचं तर पुष्कळ होतं... की आपण पेशंट नाही, नव्या औषधाच्या चाचणीचे फॉर्म कसे भरायचे ते शिकवायला आलो आहोत, आणि मागच्या महिन्यात सर्वांत जास्त चुका याच हॉस्पिटलने केल्या आहेत. पण पट्टा फुगत होता, खोली शांत होती, आणि समोरचा माणूस तिच्या दुसऱ्या मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळाकडे इतकं मन लावून बघत होता, की त्याची मोजणी मोडणं तिच्या जिवावर आलं.

"नाडी एकशे चार," तो म्हणाला आणि त्याने कागदावर लिहिलं. "घाबरू नका. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं."

"मी घाबरलेली नाहीये. मी डेटा मॅनेजर आहे."

खोलीची भिंत पांढरी होती. तोही झाला.

"अरे बाप रे... सॉरी, मॅडम." तो कागद फाडायला निघाला.

"फाडू नका!" ती एवढ्या जोरात ओरडली, की बाहेर बसलेले दोन पेशंट घरी जावं का याचा विचार करू लागले. "इथे काही फाडायचं नसतं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण, सही, तारीख."

त्याने मुकाट्याने एकशे चारवर रेघ मारली. शेजारी लिहिलं – 'चुकीची व्यक्ती.' खाली सही केली.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

अशी त्यांची ओळख झाली.

तिच्या कामाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण तिच्या आईलाही ते चार वर्षं कळलेलं नव्हतं. नवं औषध बाजारात येण्याआधी शेकडो पेशंटना देऊन बघतात. प्रत्येकाची नाडी, वजन, दुखलंखुपलं लिहून ठेवतात. त्या लिहिण्यात काही वावगं दिसलं, की ही हॉस्पिटलला प्रश्न पाठवते. त्याला क्वेरी म्हणतात. 'पेशंटचं वजन दोन दिवसांत चाळीस किलोंनी कसं वाढलं?' 'सत्तर वर्षांच्या आजोबांची गर्भचाचणी कोणी सांगितली?'

"म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायच्या," आई म्हणाली होती. "आणि त्याचा पगार देतात?"

"हो."

"मग मी तीस वर्षं तुझ्या बाबांच्या फुकटच काढल्या म्हणायच्या."

बाबांनी पेपर आणखी वर धरला.

या वेळची चाचणी मात्र साधी नव्हती. औषध हृदयाच्या ठोक्यांचं होतं, आणि शेवटपर्यंत नोंदी स्वच्छ राहिल्या तर ती टीम लीड होणार होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, तसं सांगितलं होतं; आणि मोठ्या बाई कधी गंमत करत नसत. त्यांनी शेवटची गंमत केली तेव्हा एकाची बदली झाली होती.

ऑफिसात हॉस्पिटलांना नावं नव्हती, नंबर होते. हे सातवं. तिथली सगळी कामं सांभाळणारा समन्वयक म्हणजे नाडी मोजणारा तोच, म्हणून त्याचं नाव पडलं 'सात नंबर'. दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती त्याला फोन करायची.

"पेशंट बाराची उंची आठ सेंटिमीटरनी वाढलीय."

"औषध चांगलं आहे, मॅडम."

"सात नंबर..."

"सँडल आहेत हो. काढा म्हटलं, तर म्हणाल्या, आधी तुझ्या डॉक्टरांना बूट काढायला सांग."

"मग उत्तरात तसं लिहा."

"सँडल, असं लिहू?"

"लिहा. पण विचार करून. सिस्टिममध्ये सगळं राहतं. कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, नंतर काय बदललं... कधीच पुसता येत नाही."

"मग जपूनच बोलायला हवं," तो म्हणाला. फोन चालू होता. तिकडे कुणीतरी खोकलं, इकडे पंखा फिरला – आणि दोघांनी एकदमच "ठेवू का?" म्हटलं. ठेवला मात्र कुणीच नाही.

एकदा त्याने विचारलं, "मॅडम, फोन साडेअकराला केलात तर चालेल?"

"का?"

"काही नाही... सहज."

"वेळापत्रक ठरलेलं आहे," ती म्हणाली. वेळापत्रकावर तिचं प्रेम होतं. दुसऱ्या कशावर आहे याची तिला तोवर खबर नव्हती.

मग तो आकडा आला.

पेशंटच्या मनगटाला बांधायचं नाडी मोजणारं यंत्र नीट चालतंय ना, हे बघायला समन्वयकाने रोज अकराला ते अर्धा तास स्वतःच्या मनगटाला बांधायचं, असा नियम होता. त्याचे आकडे तिच्याकडे यायचे. सोमवार बहात्तर. मंगळवार एकशे अठरा. बुधवार एकाहत्तर. पुढचा मंगळवार, एकशे एकवीस.

ती खुर्चीत ताठ बसली. तिने क्वेरी टाकली – 'मंगळवारचा आकडा इतका चढा का?'

तीन मिनिटांत उत्तर आलं. 'आकडा बरोबर आहे.'

'कारण विचारलं आहे.'

या उत्तराला दोन दिवस लागले. 'कारण वैयक्तिक आहे.'

तिने विचार केला, जिना चढून येत असणार. लिहिलं, 'यंत्र बांधण्यापूर्वी पाच मिनिटं बसावे.'

'बसलोच होतो.'

तिने नवं यंत्र पाठवलं. नव्या यंत्राने मंगळवारी एकशे एकोणीस दाखवले. आता मात्र तिने दोन्ही यंत्रांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. यंत्रांचा तो सगळा साठाच खोटा असेल तर दोनशे पेशंटच्या नाड्या, दीड वर्षाचं काम आणि तिची बढती – सगळं केराच्या टोपलीत जाणार होतं. मोठ्या बाईंनी शुक्रवारी मीटिंग लावली. सगळी हॉस्पिटलं पडद्यावर. सात नंबरही.

तिने आलेख दाखवला. सपाट मैदान आणि मधूनमधून डोंगर.

"सगळे मंगळवार," ऑफिसातले संख्याशास्त्राचे काका म्हणाले. हे काका हसले तरी टक्केवारीत हसत. "हे दोन मंगळवार सोडून. इथे सत्तर आहे."

"तेव्हा मी रजेवर होते," ती म्हणाली.

"तुझ्या रजेचा काय संबंध?" मोठ्या बाईंनी विचारलं. "मंगळवारी अकराला तिथे होतं तरी काय?"

"काहीच नाही, मॅडम. मी फक्त फोन करते."

हे वाक्य तोंडातून निघालं, आणि मग तिच्या कानांनी ते ऐकलं.

पडद्यावरचे बारा चेहरे बारा ठिकाणी गोठले. कुणाचा तरी कप बशीवर आदळला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे... यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "पण माझं लग्न यापेक्षा कमी पुराव्यावर झालं."

सात नंबरचा चौकोन काळा झाला. कॅमेरा बंद.

ती उभी होती. चार वर्षं तिने लोकांच्या नोंदींमधला इवलासा खडा वेचून काढला होता, आणि हा अख्खा डोंगर – स्वतःच्या हाताने रंगवून, खाली तारखा घालून, बारा जणांना दाखवला होता!

"यंत्र ठीक आहे," अखेर मोठ्या बाई म्हणाल्या. "उलट या अख्ख्या प्रकरणात तेवढंच ठीक आहे. आजपासून सात नंबरच्या नोंदी दुसरं कुणीतरी तपासेल. कारण फाइलला लिहून दे."

"काय लिहू, मॅडम?"

"खरं ते. आणि टीम लीडचं पत्र सोमवारी घेऊन जा. जी बाई स्वतःविरुद्धसुद्धा आलेख काढते, तिच्यावर कंपनी डोळे मिटून विश्वास ठेवू शकते."

दुपारी ती हॉस्पिटलात पोचली. जुनं यंत्र परत आणायचं हे निमित्त होतं. यंत्र कुरिअरने आलं असतं, हे रिक्षात बसल्यावर आठवलं.

तो त्याच खोलीत होता. तिला बघून उठला, बसला, पुन्हा उठला.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला, "फोन साडेअकराला करा म्हणून."

"कारण वैयक्तिक आहे, एवढंच लिहिलंत!"

"अजून काय लिहिणार? कधीच पुसता येत नाही, असं तुम्हीच म्हणालात. तसं मला पुसायचंही नव्हतं... पण बारा जण वाचणार म्हटल्यावर—"

"आता बारा जणांनी पाहिलं. रंगीत."

"सॉरी."

"मला राग आलेला नाही." तिने पर्स टेबलावर ठेवली. "मला धक्का बसलाय. म्हणजे... यंत्राला कळलं, काकांना कळलं. मलाच कसं नाही कळलं?"

त्याने कपाटातून एक फाइल काढली. वरच 'रद्द' लिहिलेलं. आत एकच कागद. एकशे चार, त्यावर आडवी रेघ. रेघेखालून आकडा लख्ख वाचता येत होता.

"फाडू नका म्हणालात," तो म्हणाला. "म्हणून ठेवला."

ती कागदाकडे बघत राहिली. त्या दिवशी ती जिना चढून आली नव्हती. घाबरली नव्हती. चांगली पाच मिनिटं बाहेर बाकावर बसली होती, आणि तरी... एकशे चार!

तिने मान वर केली नाही. नुसता हात पुढे केला. त्याने मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहायचं सोडून तिच्याकडे पाहिलं.

"किती?" तिने विचारलं.

"मोजणी चुकली."

"मग नोंद काय करणार?"

त्याने टेबलावरचं पेन उचललं. 'चुकीची व्यक्ती' या शब्दांवर त्याने एक आडवी रेघ मारली, एकच, नियमाप्रमाणे. शेजारी हळूहळू लिहिलं – 'व्यक्ती बरोबर होती.' खाली सही केली. आणि कागद तिच्यापुढे सरकवून, निकालाची वाट पाहणाऱ्या पेशंटसारखा उभा राहिला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले तरी तपासायचं थोडंच थांबतं!

"तारीख राहिली," ती म्हणाली. आणि त्याच्या हातातलं पेन घेऊन तिने ती स्वतः घातली.