समोरच्या चर्चचा पाहुणा

रस्त्याच्या या बाजूला एक पांढरं चर्च, त्या बाजूला दुसरं पांढरं चर्च. दोन्ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचीच, आणि बायबलचा अभ्यास दोन्हीकडे बुधवारी संध्याकाळी सातलाच. फार पूर्वी चर्चमध्ये पियानो आणावा की नाही यावरून भाऊबंदकी झाली, आणि निम्मी माणसं बाकं उचलून समोर गेली. आता पियानो इकडेही आहे नि तिकडेही, पण रस्ता ओलांडायचं कुणी नाव काढत नाही. आपल्या लोकांचा हेका म्हणजे हेका!

त्या बुधवारी कॅनडातल्या मॅनिटोबाच्या माळावर असं हिमवादळ सुटलं होतं की समोरचं चर्च दिसतच नव्हतं. लोरीन टेव्स या बाजूच्या चर्चच्या दाराशी बुटांचा बर्फ झटकत होती. दिवसभर शाळेची बस चालवून तिची पाठ धरली होती. तेवढ्यात पांढऱ्या धुरळ्यातून एक उंच तरुण आला. पापण्यांवर बर्फ, नाक लालभडक, डोळे मात्र हसरे.

"अब्राम ड्यूकनी बोलावलंय अभ्यासाला. तेच चर्च ना हे?"

अब्राम ड्यूक समोरच्या चर्चचे, हे लोरीनला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तिनं तोंड उघडलं ते 'नाही, समोर' म्हणायला... आणि बाहेर काय पडलं, तर—

"हो. आत या ना, गारठाल."

तो एमरी कार्व्हर, विनिपेगहून आलेला जनावरांचा नवा डॉक्टर. त्याच्या घरात कुणी कधी बायबल उघडलं नव्हतं, म्हणून त्याला प्रश्नच प्रश्न. अभ्यास घेणाऱ्या हुल्डाआत्याचा एक नियम होता: वाचून झालं की त्यातलं आठवड्याभरात काय करणार ते प्रत्येकानं सांगायचं, आणि पुढच्या बुधवारी केलं की नाही तेही. बाकीचे 'धीर धरीन', 'प्रार्थना करीन' असलं काहीतरी सांगून सुटायचे. त्या दिवशी वचन होतं, वेदीवर अर्पण ठेवण्याआधी जाऊन भावाशी समेट कर. एमरीनं विचारलं, "म्हणजे खरंच जायचं?" आणि पठ्ठ्या गेला की! कित्येक वर्षं अबोला धरलेल्या सख्ख्या भावाकडे गाडी काढून गेला आणि पुढच्या बुधवारी येऊन सगळं सांगितलं.

लोरीन ऐकतच राहिली. ही वचनं तिला तोंडपाठ होती, पण ती अशी उचलून कुणी वापरतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता बुधवार कधी येतो असं तिला व्हायचं. एकाच पुस्तकात दोघं वाचायची. पान उलटताना त्याची बोटं थांबायची... आणि लोरीनचा श्वासही. एकदा त्यानं विचारलं, "अब्राम दिसत नाहीत?" ती म्हणाली, "आज नाही आले." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आणि मग ते वचन आलं: तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. हुल्डाआत्यानं सांगितलं, म्हणूनच आपली माणसं कोर्टातसुद्धा शपथ घेत नाहीत.

"म्हणजे तुम्ही 'हो' म्हणालात की पुरे?" एमरी लोरीनकडे बघून हसला. "किती छान आहे हे!"

लोरीनला आपलं दारातलं 'हो' आठवलं. सांगावं तर हा जाणार, न सांगावं तर त्याच्याशेजारी बसायचं कुठल्या तोंडानं? अभ्यास संपल्यावर तिनं त्याला गाडीपाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्याचं हसू मावळलं. "गाई तपासायला गोठ्यात गेलो तरी अब्रामकाका माझ्याशी बोलेनासे झालेत. मला वाटलं, माझंच काही चुकलं. का केलंस असं?"

उत्तराची वाट न बघता तो गाडीत बसून निघून गेला.

पुढच्या बुधवारी त्याची गाडी समोरच्या चर्चपुढे उभी होती. आत्यानं विचारलं, "लोरीन, तू काय करणार?" लोरीननं कोट उचलला. ती रडवेली झाली होती, पण थांबली नाही. टेव्सांच्या घरातलं त्या रस्त्यापलीकडे कुणी कधी गेलं नव्हतं.

तिला दारात बघून समोरची मंडळी वाचायची थांबली.

"पाहुणा तुमचा होता, अब्रामकाका," ती म्हणाली. "मी खोटं बोलून पळवला. त्याची काही चूक नाही. मला माफ करा."

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. "पण का गं?"

"कारण... मला तो आवडला. दारातच. अजून आवडतो."

कुणीतरी रुमालात खुदकन हसलं. एमरीचे कान लाल झाले. त्यानं शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलला, आणि ती बसल्यावर पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं.

"मलाही," तो हळूच म्हणाला. "पण पुढच्या बुधवारी आपण तुमच्याकडे बसू."

"आणि काका रुसले तर?"

"त्यांनाही घेऊन येतो."

"मला ऐकू येतंय हं," अब्रामकाका पुस्तकातून मान वर न करता म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "हुल्डा अजून तो आंबट देठांचा, रूबार्बचा केक करते का गं?"

"करते."

"मग येतो."