उसनी किळस

दिनकरने आमटीची वाटी सुलक्षणापुढे ठेवली. त्याचा अंगठा वाटीच्या काठाला लागलेला तिला दिसला. तोंडावर ओढणी दाबून ती बेसिनकडे धावली.

"आजही?" तो म्हणाला.

"तू आत जा. तू दिसलास की नासक्या मांसाचा वास येतो रे."

दिनकर आत गेला. बारा वर्षांच्या संसारात ती त्याच्या ताटातलंच खात आली होती.

तिला अपस्मार होता. शस्त्रक्रियेपूर्वी झटके कुठून उठतात ते शोधायला डॉक्टरांनी तिच्या मेंदूत केसासारख्या तारा बसवल्या. ती इस्पितळात पडून असताना डॉ. टिळेकरांनी विचारलं, "संशोधनाला मदत कराल? आभासी घरात बसायचं, एवढंच." डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, की तिचंच स्वयंपाकघर उभं राही आणि फोटोंवरून घडवलेला दिनकर तिला वाढू लागे. तारा मेंदूतले संदेश टिपत. तो वाढत असतानाच एका तारेतून सौम्य वीजप्रवाह उलटा मेंदूत सोडला जाई. ती तार किळसेच्या केंद्रात होती, हे तिला कुणी सांगितलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर तारा निघाल्या, झटकेही थांबले. किळस मात्र गेली नाही.

शेवटी दोघं टिळेकरांकडे गेली. ती तार कुठे होती ते सांगत त्यांनी पडद्यावर प्रयोगाची चित्रफीत लावली. चष्मा घातलेली सुलक्षणा ओकाऱ्या काढत होती, हनुवटीवरून लाळ ओघळत होती. ते बघत टिळेकर चहात बिस्कीट बुडवून खात होते.

"इतका टिकाऊ परिणाम आम्हालाही अपेक्षित नव्हता," ते कौतुकाने म्हणाले. "फार मोलाचा आहे."

"हे घालवायचं कसं?" दिनकरने विचारलं.

"पुन्हा तार बसवू, या वेळी सुखाच्या केंद्रात. तुम्ही समोर आलात की प्रवाह सोडायचा. एक कंपनी खर्च करायला तयार आहे. माणसाला कशाचाही तिटकारा आणता येईल, कशाचीही ओढ लावता येईल."

मिशीला लागलेला बिस्किटाचा लगदा त्यांनी जिभेने टिपला.

सुलक्षणाने खुर्ची मागे सरकवली.

"आत्ता मला तुमची किळस येतेय, डॉक्टर," ती हळू म्हणाली. "ही तरी माझी स्वतःची आहे ना?"