दोन फुटांचं खोटं पाणी

"परवाना रद्द? मामाचा?" ताई एवढ्या जोरात ओरडली की धक्क्यावरचे लोक वळून बघायला लागले.

मामा वीस वर्षं या नदीवर प्रवासी होडी चालवत होता. काल ती भर नदीत वाळूच्या दांड्यावर रुतली आणि बायकामुलांना चिखल तुडवत काठावर यावं लागलं. हलगर्जीपणा म्हणे! धक्क्याच्या साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर बेजबाबदार ठरवलं आणि आज संध्याकाळी ते परवाना काढून घेणार होते.

"फळी बघूनच होडी सोडली गं," मामा खालमानेनं म्हणाला. "सात फूट पाणी होतं. सातला होडी दांड्यावरून आरामात जाते."

फळी म्हणजे धक्क्याच्या खांबावरची आकड्यांची पट्टी. पाणी ज्या आकड्याला टेकेल, तेवढी तिथली खोली. मागच्याच आठवड्यात रंगाऱ्यानं ती काढून, रंगवून परत ठोकली होती.

"ए, वर बघा!" ताईच्या वर्गातला चष्मिस ओरडला. "खिळ्यांची जुनी भोकं!"

भोकं फळीपेक्षा चांगली दोन फूट वर होती! ताईनं दोरीला दगड बांधून खाली सोडला. फळी म्हणत होती सहा फूट, दोरी भिजली चारच.

"हात पुरला नाही म्हणून खालीच ठोकली मेल्यानं!" ताईचं डोकं भणाणलं. तिघं तडक कचेरीत गेली; तिसरा तिचा धाकटा भाऊ, बटाट्या.

"फळी बरोबर आहे! त्या कामावर सही मी केलीय," साहेब खेकसले.

"जाऊन बघितलं होतंत?"

"रंग खिडकीतून दिसतो! सुट्टी लागली की नुसता उच्छाद! चला, पळा!"

बटाट्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

समुद्र जवळच होता; संध्याकाळी ओहोटीनं नदीचं पाणी उतरलं. साहेब परवाना घ्यायला आले, भोवती गर्दी जमली.

"साहेब, आत्ता पाणी किती?" बटाट्यानं विचारलं.

"चार फूट! वाचता येत नाही?"

"मी तर साडेतीन फुटांचा!" म्हणत बटाट्या पायऱ्यांवरून थेट फळीपाशी पाण्यात उतरला. बायका किंचाळल्या. पाणी त्याच्या कमरेलाही लागलं नाही!

"बुडालो हो साहेब! वाचवा!" कमरेवर हात ठेवून तो ओरडला. गर्दी खो खो हसली. चष्मिसनं जुनी भोकं दाखवली, तशी साहेबांनी मान वर करून ती बघितली.

"शाबास... हुशार आहात हं पोरांनो!" ते कसेबसे म्हणाले.

"तुमची शाबासकी नको आम्हाला!" ताई साहेबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "मामाला सगळ्यांसमोर बेजबाबदार म्हणालात ना? आता सगळ्यांसमोरच माफी मागा!"

आता कुणीच हसलं नाही. साहेब मामासमोर येऊन उभे राहिले.

"चूक माझी होती. न बघता सही केली. परवाना तुमच्याकडेच राहू द्या. माफ करा."

मामानं ताईच्या पाठीवरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज करडाच होता.

"माफीचं नंतर बघू. आधी ती फळी वर ठोकून घ्या. उद्या सकाळी माणसं बसायचीत होडीत!"