नावाचा कागद

चमेलीबाई पटल्यांच्या अंगणात उन्हाळाभर रद्दी भिजत असे. चौथ्या दिवशी तिला आंबट वास सुटला, की शेजारची प्रेमिला नाकाला पदर लावून जायची. "नाक तं एवढंसं आहे, झाकते मात्र गावभराचं," असं चमेलीबाई मुसळाच्या दोन घावांच्या मधे म्हणायची, प्रेमिलाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

काम तसं साधं होतं. भिजलेल्या कागदात मेथ्या आणि पांढरी माती घालून उखळात कांडायचं, लोण्यासारखा लगदा झाला की तो पालथ्या मडक्यावर थापायचा आणि तीन दिवस उन्हात ठेवायचा. मग आतलं मडकं अलगद फिरवून काढलं की टोपली मोकळी. कोहमाऱ्याहून देवरीकडे जाताना लागणाऱ्या त्या गावात दहा बायांना हे येत होतं. पण काठ मात्र चमेलीबाईचाच. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. हेमेंद्र पोटात असताना धान कांडता कांडता मुसळ पडलं आणि ती जी आत वळली ती वळलीच. त्या वाकड्या बोटानं ती ओल्या काठाला अशी मुरड घालत जायची की करंजीनं लाजावं. प्रेमिलानं चमच्यानं करून पाहिलं, काडीनं करून पाहिलं, काही साधलं नाही. "बोट मोडून घे, मंग जमंल," असा सल्ला चमेलीबाईनं फुकटात दिला होता.

या कामातला सासूनं घालून दिलेला नियम एकच. नाव लिहिलेला कागद कांडायचा नाही. वह्यांची पहिली पानं, पत्रं, पुस्तकावर पोरांनी घातलेली नावं, सगळं फाडून वेगळं करायचं आणि शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाण्यात सोडायचं. कायले, ते सासूनं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. सासूला कायले विचारायचे ते दिवस नव्हते.

नावं निवडून द्यायचं काम सून दुर्गेश्वरी करायची. चमेलीबाई चौथी पास असून हे काम सुनेकडे कसं, तर डोळ्यांना त्रास होतो म्हणून. घरादारात सगळे तसंच धरून चालत, आणि चमेलीबाईनं ते कधी खोडून काढलं नव्हतं. खरं तर दुसरीतच, वर्ष सरायच्या आत, बापानं तिला शाळेतून काढून गुरांमागं लावलं होतं. सगळ्यांच्या मागून शाळेत घातली आणि सगळ्यांच्या आधी काढली. हे जाणणारी माणसं माहेरच्या गावात होती, आणि तिथं आता तिचं जाणं-येणं उरलं नव्हतं.

एप्रिलमध्ये हेमेंद्रनं काम आणलं. तो नागझिऱ्याच्या जंगलात गाईड होता. तिथल्या गेटजवळच्या एका दुकानाला पंचवीस टोपल्या हव्या होत्या, आणि प्रत्येक टोपलीला चिठ्ठी लागणार होती, 'चमेलीबाई पटले यांच्या हातची'. आजवर सगळा माल बचत गटाच्या नावानं जायचा, आणि गट म्हणजे माईक हातात घेतलेली प्रेमिला. चमेलीबाईनं ती चिठ्ठी हेमेंद्रकडून दोनदा वाचून घेतली. अठ्ठावीस तारखेच्या रविवारी माल पोचायला हवा होता.

कागद मिळाला तोही भरपूर. तिच्या माहेरच्या गावची शाळा पटसंख्या घटली म्हणून बंद पडली होती आणि तिथली वाळवी लागलेली पुस्तकं हेमेंद्रनं चार पोती भरून आणली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात दुर्गेश्वरीनं तोंड उघडलं. गटाच्या बैठकीत कागदावर सह्या चालल्या होत्या, तेव्हा ती सहज म्हणाली, "आईले वाचता येत नाही, मी वाचून सांगतो." प्रेमिला हसली नाही. नुसती चमेलीबाईकडे बघत राहिली. हसली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर आठ दिवस चमेलीबाई सुनेशी बोलली नाही. पोती तिनं स्वतःच निवडायला घेतली. छापलेलं कोणतं आणि हातानं लिहिलेलं कोणतं, एवढं तिला कळत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. तिसऱ्या पोत्यात लाल कापडाच्या पाठीचं एक लांबलचक बाड निघालं. पानोपानी चौकोन, चौकोनांत ठिपके आणि रेघा, आणि डाव्या कडेला शाईनं लिहिलेलं काहीतरी. हातानं लिहिलेलं. चमेलीबाईचा हात थांबला. समोर, आंब्याच्या सावलीत दुर्गेश्वरी वाळलेली मोहफुलं पाखडत होती. एक हाक पुरली असती.

"गणिताचं असंल," चमेलीबाई स्वतःशी म्हणाली, आणि पुठ्ठा ओरबाडून पानं रद्दी भिजवायच्या टाक्यात लोटली. पुठ्ठा जाड होता, तो तिनं टाक्यावर झाकण म्हणून ठेवला.

घरात सहा मडकी होती, म्हणून टोपल्या सहा-सहाच्या घाण्यानं निघायच्या. पहिल्या सहा वाळल्या, तिनं पहिलीचं मडकं फिरवून काढलं आणि आत बघितलं. आतल्या बाजूला एक पंजा उमटला होता. लहान, पाचही बोटं पसरलेली, तळव्याची रेघसुद्धा दिसत होती.

तिनं शेजारच्या रिंकूला शिव्या घातल्या. मग कोणीतरी सांगितलं की रिंकू आठ दिवसांपासून मामाकडे लग्नाला गेली आहे. तिनं माकडांना शिव्या घातल्या. तोवर बाकीच्या पाच मडक्यांवरूनही टोपल्या निघाल्या होत्या, आणि प्रत्येकीत एक पंजा होता. कोणताच दुसऱ्यासारखा नव्हता. पाण्याचा हात फिरवून तिनं ते सगळे पुसून सारखे केले. संध्याकाळपर्यंत टोपल्या सुकल्या आणि पंजे जिथल्या तिथं परत आले.

"सगळा माल वाया," ती करवादली. लगदा पातळ झाला असेल, माती वाईट असेल, मडकी कुंभारानं कच्ची दिली असतील. कुंभाराच्या सात पिढ्या तिनं उद्धरल्या.

पण हेमेंद्रनं मोबाईलवर फोटो पाठवला होता आणि दुकानवाला खूश झाला होता. पोरांच्या हातांची ही कल्पना फारच छान, सगळ्या तशाच द्या, असा त्याचा निरोप आला. दुर्गेश्वरी टोपली हातात घेऊन उलटसुलट बघत होती. आठ दिवसांचा अबोला तिनंच मोडला. "हे आतून कसं करता, आई? मले तं समजूनच नाही राहिलं."

चमेलीबाईनं टोपली तिच्या हातातून काढून घेतली.

"हातात असावं लागते," ती म्हणाली.

दुसऱ्या घाण्याला ती स्वतः राखणीला बसली. ऊन असं की छपरावरचे कवेलू तडतडत होते. काठी मांडीवर घेऊन, डोक्यावर ओला पदर टाकून ती तीन दिवस त्या सहा मडक्यांसमोरून हलली नाही. चहासुद्धा तिथंच. कोणी आलं नाही. तिसऱ्या दुपारी एक माकड आलं तेवढं, आणि तिनं काठी फेकली ती नेमकी टोपली काढून घेतलेल्या एका मडक्याला लागली. मडकं फुटलं, माकड दात दाखवून गेलं. सहाची पाच झाली, म्हणून तिनं कपाळ बडवलं.

आणि फुटलेल्या मडक्याची खापरं गोळा करताना तिच्या ध्यानात एक गोष्ट आली.

टोपली पालथ्या मडक्यावर बाहेरून थापतात. टोपलीची आतली बाजू मडक्याला घट्ट चिकटलेली असते. पंजे आतल्या बाजूला होते. तिथं हात घालायला जागाच नव्हती.

तिनं खापर बोटांनी चाचपलं. गुळगुळीत होतं.

मग त्या मडक्यावरची, म्हणजे ओळीनं सातवी टोपली तिनं उन्हात धरली. आतल्या पंजाला सहा बोटं होती. अंगठ्याच्या बाजूला दुसरा, तांदळाएवढा अंगठा.

असा हात तिनं एकच पाहिला होता. शाळेत तिच्या पुढच्या ओळीत बसणाऱ्या बकारामचा. पोट्टे त्याला साडेपाच म्हणायचे. मागच्या दिवाळीत तो वारला होता.

तरी पंचवीस भरायच्या होत्या म्हणून तिनं उरलेल्या पाच मडक्यांवर तिसरा घाणा थापला, आणि तो वाळत आला त्या तिसऱ्या दुपारी पुठ्ठा सुनेपुढे टाकला. "वाच जरा. माझा चष्मा सापडून नाही राहिला."

चष्मा त्या घरात कधीच नव्हता. दुर्गेश्वरीनं पुठ्ठा उलटा केला. पुठ्ठ्याच्या आत एक पान चिकटून राहिलं होतं, खालून वाळवीनं खाल्लेलं. "हजेरी आहे," ती म्हणाली. "इयत्ता दुसरी. तुमच्याच गावची, आई." आणि ती ओळीनं नावं वाचू लागली. कवडू. हा वीज पडून गेला. नंदा. ही बाळंतपणात. घनश्याम, दोन वर्षांमागं, झोपेत. सातवं नाव बकाराम. दुर्गेश्वरी वाचत होती आणि चमेलीबाई बोटांची पेरं मोजत होती. सोळापर्यंत एकही जितं माणूस निघालं नाही. हे तिनं याआधी कधी मोजलंच नव्हतं.

"सतरा, चुन्नीलाल. खालचं पान फाटलं आहे." दुर्गेश्वरीनं मान वर केली. "तुमचं नाव नाही ह्याच्यात?"

सगळ्यांच्या मागून शाळेत घातलेल्या पोरीचं नाव सगळ्यांच्या खाली लिहिलेलं होतं. गुरुजी सतरावर श्वास घेत आणि मग तिला हाक मारत.

"मी पुढल्या वर्गात होतो," चमेलीबाई म्हणाली.

चुन्नीलाल कोहमाऱ्याला होता, चौकात त्याच्या पोराचा ढाबा होता. तिनं सुनेला फोन लावायला लावला. पोरगा विक्की बोलला. बाबा मजेत आहेत, जेवून आत्ताच आडवे झाले, उठले की फोन करायले लावतो. मागं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. चमेलीबाईला जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

पाच मडक्यांवर तिसरा घाणा वाळत होता. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. कागद वाळताना बारीक आवाज होतो, तसा होत होता.

पाच वाजता दूधवाल्यानं सांगितलं. ढाब्यावरचे म्हातारबुवा झोपले ते उठलेच नाहीत.

"सत्तरीचं माणूस, आणि हे असलं ऊन," दुर्गेश्वरी हळहळली.

चमेलीबाईनं सतरावी टोपली काढली. आत बघितलं नाही. बोट फिरवलं, आणि ते एका लहानशा तळव्यात उतरलं.

तिनं टाक्यातला उरलेला सगळा लगदा बोडीत टाकून यायला सुनेला सांगितलं, आणि पुठ्ठाही. आता टोपल्या नाहीत. हेमेंद्रला सांग, सतराच होतील. दुर्गेश्वरीनं विचारलं, काऊन? आठच तर राहिल्या, लगदा तयार आहे, चिठ्ठ्या छापून आल्या आहेत. यावर सांगायचं म्हटलं तर पुष्कळ होतं. पंजे मी करत नाही, हे सांगावं लागलं असतं. चौथी पासमागचं खरं सांगावं लागलं असतं. अठरावं नाव कोणाचं, तेही.

"माझे हात दुखून राहिले," ती म्हणाली. "सांगितलं तेवढं कर."

रविवारी हेमेंद्र सतरा टोपल्या घेऊन गेला. प्रेमिला कुंपणाशी उभीच होती. "पंचवीस म्हणत होत्या ना, काकू? सतरातच दमल्या?"

चमेलीबाईनं कुंपणाकडे पाठ केली. ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. दुकानात सतरा चिठ्ठ्यांवर तिचं नाव लागलं असेल, हा विचार तिनं करून पाहिला. त्याची गोडी आली नाही.

थोड्या वेळानं दुर्गेश्वरी आली. हात पाठीमागं, आणि ओठ हसू दाबून धरलेले.

"रागावू नका, आई. सगळं नाही टाकलं मी. एका टोपलीपुरतं ठेवून घेतलं होतं. ती प्रेमिला बोलंल हे मले माहीत होतं." तिनं हात पुढे केले. "पहिल्यांदाच केली. गुरुवारी मागच्या दारी थापली, आत्ता काढली. तुमच्यासारखा काठ नाही जमला. पण आत पाहा, हात उमटला. मी काहीच केलं नाही, आपोआप उमटला."

चमेलीबाई टोपली घ्यायला तयार नव्हती. सुनेनं ती तिच्या मांडीवर ठेवली आणि कौतुकाच्या वाटेकडे डोळे लावून उभी राहिली.

दारातून ऊन येत होतं. ते बरोबर टोपलीत पडलं.

पंजा लहान होता. सात-आठ वर्षांच्या पोरीचा.

करंगळी वाकडी होती. मुळातून आत वळलेली.

चमेलीबाईनं डोकं हलवलं. हे चूक होतं. दुसरीत असताना तिचं बोट धड होतं. मुसळ पुढं कितीतरी वर्षांनी पडलं. ही वाकडी करंगळी त्या पोरीची नव्हती, ती हिची होती, हिच्याजवळ होती, हिच्या हाताला.

ते सुनेला दाखवायला म्हणून तिनं उजवा हात उन्हात धरला.

करंगळी सरळ होती.